बोहल्यावर स्वेटर चालत नाही

हिवाळ्यात लग्न ठरलं की लोक नवरीचं दोनदा अभिनंदन करतात. एकदा नवरा मिळाल्याबद्दल आणि एकदा मे महिना टळल्याबद्दल. ‘बरं झालं बाई थंडीत आहे. मेकअप उतरायचा नाही, फुलं कोमेजायची नाहीत, अन्न आंबायचं नाही, पाहुण्यांना घाम यायचा नाही.’ या यादीत मेकअप आहे, फुलं आहेत, अन्न आहे, पाहुणे आहेत. पहाटे चारला डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांनी, अनवाणी, गार फरशीवर गौरीहरापुढे बसणारी बाई मात्र त्यात नाही. ती बाई मी आहे. लग्न मार्गशीर्षात, नाशिकला.

आपलं लग्न मुळात उन्हाळ्यासाठी आहे, असं माझं ठाम मत तयारीला लागल्यापासून झालं आहे. वैशाखात रब्बीचं धान्य घरात आलेलं असायचं, पेरणीला अवकाश असायचा, पोरांना सुट्टी असायची, म्हणून लग्नं तेव्हा. मग सोपस्कारही त्या हवेला साजेसे आले. दारात पाऊल ठेवणाऱ्यावर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं. मनगटाला वाळ्याचं अत्तर लावायचं, ज्याचा सगळा गुण थंडावा देण्यात आहे. हातात पन्ह्याचा पेला द्यायचा. पंगतीत मठ्ठा. नवरीच्या केसांत मोगरा. यातली एकेक गोष्ट डिसेंबरात सकाळी साडेसातला नाशिकमध्ये करून पाहा. ठाण्याहून रात्रीच निघालेल्या, मफलरीतून फक्त नाक बाहेर ठेवलेल्या व्याह्यांच्या त्याच नाकावर गार गुलाबपाणी उडवलं, तर सोयरीक दारातच मोडेल.

आईचं लग्न मे महिन्यात झालं आणि तिच्या आईचंही. त्यामुळे आमच्या घरात लग्नाविषयी जे काही ज्ञान आहे ते सगळं मे महिन्याचं आहे. आईनं वही उघडली, वर ‘श्री’ लिहिलं आणि खाली पहिली ओळ लिहिली, ‘बर्फाच्या लाद्या’.

‘अगं आई, डिसेंबर आहे.’

‘असू दे. बर्फ लागतोच.’

तिच्या लग्नात बर्फ संपला होता आणि कोमट सरबतावरून तिच्या चुलत सासऱ्यांनी जे ऐकवलं ते तिनं दागिन्यांबरोबर लॉकरमध्ये जपून ठेवलंय. बर्फ खोडायला मला बाबांची मदत घ्यावी लागली. त्या जागी मी लिहिलं, ‘गिझर चालू आहेत का बघणे’. कार्यालयाच्या मॅनेजरना विचारलं, गिझर आहेत का? म्हणाले, आहेत. चालू आहेत का? म्हणाले, आहेत की! हे दुसरं ‘आहेत’ माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं की पहिल्याच उत्तराला दिलेला जोर, ते लग्नाच्या दिवशी पहाटे कळेल. तोवर आजीनं पितळी बंब घासायला काढलाय.

तारीख कशी ठरली ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव दिसला. आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात आणि मग माणसांचा नंबर. तिथून मार्गशीर्ष संपेपर्यंत जेमतेम दीड महिना. पुढे पौष, तो भाकड. मधे गुरूचा किंवा शुक्राचा अस्त आला तर तेवढे दिवस आणखी वजा. उरलेल्या मूठभर तारखांवर अख्ख्या महाराष्ट्रातली कार्यालयं, आचारी, बँडवाले आणि फोटोवाले तुटून पडलेले. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ काढल्यापासून पंचांग स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं, त्यामुळे आमच्याकडची प्रत्येक काकू पानाच्या मागे बघून मुहूर्त सांगते आणि पानाच्या पुढे बघून दुधाचा हिशेब करते.

गुरुजींना विचारलं, मार्गशीर्ष कसा? म्हणाले, ‘माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ उत्तम. मार्गशीर्ष मध्यम.’ मला वाईट वाटलं. गीतेत श्रीकृष्णानं सगळ्या महिन्यांत आपण मार्गशीर्ष असल्याचं सांगितलंय आणि लग्नाच्या बाबतीत त्याला मध्यम? गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘त्यांच्या लग्नाला मुहूर्त कुठे होता? रथ होता.’

आत्या न्यू जर्सीला असते. तिला सुट्टी नाताळात, आणि नाताळ बऱ्याचदा पौषात नाहीतर त्याच्या उंबरठ्यावर. बहुतेक मराठी घरांत आता खरा मुहूर्त पंचांग काढत नाही, परदेशातल्या एखाद्या ऑफिसातला रजा मंजूर करणारा साहेब काढतो. आमच्याकडे हा पेच आला तेव्हा बाबा पुढे सरसावले. बाबांचं म्हणणं, पौषात काय वाईट आहे? जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि समाजाचा पहिला विवाह लागला तो त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पुण्यात, भटजींशिवाय. बाबांनी जुन्या तिथ्या मोजून काढल्या, तर तो पौषाचा शुद्ध पक्ष निघाला. हा शोध लागल्यावर बाबा दोन दिवस घरात छाती काढून फिरत होते.

आईनं ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘फुल्यांना विरोधकांना जेवायला बोलवायचं नव्हतं. मला बोलवायचंय.’

शेवटी आत्यानं बिनपगारी रजा घेतली. मार्गशीर्ष जिंकला. बाबांनी तिथ्या मोजलेला तो कागद अजून खिशात ठेवलाय, माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

तारखेवर घरातल्या सगळ्यांची मोहोर उमटली, पण एका माणसाची मान काही हलेना. माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवतात. राज्यात सगळ्यांत खाली पारा निफाडला गेल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, ती तुम्ही वर्तमानपत्रात वाचता आणि ‘अरे वा, थंडी पडली’ म्हणून चहाचा दुसरा कप मागता. त्या रात्री मामा बागेत असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डिसेंबरात घडातले मणी फुगत असतात. पारा चार-पाचच्या खाली उतरला की मण्यांची वाढ थांबते, तडे जातात, वर्षाची मेहनत एका पहाटेत फुटते. म्हणून बागेच्या कडेनं शेकोट्या पेटवायच्या, ओला पालापाचोळा जाळून ओळींमधून धूर फिरवायचा आणि पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण त्या वेळी विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. यात वीज कधी येणार, हे महावितरणच्या वेळापत्रकावर. आणि आपल्याकडे नवरीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं.

‘पारा पाचच्या खाली गेला तर मी बागेत. तू मामीबरोबर ये,’ मामा म्हणाले.

‘मामाशिवाय नवरी बोहल्याकडे पाऊल टाकत नाही,’ आजी म्हणाली.

‘आई, मग माझी बाग कोण बोहल्यावर नेणार?’

यावर आजीकडे उत्तर नव्हतं, कारण ती बाग तिनंच नवऱ्याबरोबर लावलेली आहे. मग बरीच घासाघीस झाली. आधी सात चाळीसचाही एक मुहूर्त निघाला होता, तो मामांनी हाणून पाडला. पहाटेची सगळ्यांत गार वेळ सूर्य उगवतानाची. साडेसातला उन्हं बागेवर आली की मामा मोकळे, तासाभरात नाशिक. तेव्हा नऊ बाराचा मुहूर्त धरला. गुरुजींना वाटतं तो त्यांनी काढला. नवऱ्याकडच्यांना वाटतं तो त्यांच्या सोयीचा म्हणून निवडला. तो निफाडच्या थंडीनं काढलेला आहे.

मामांच्या बागेत या दिवसांत आणखी एक दृश्य असतं. घडात पाणी उतरायला लागलं आणि दिवसा ऊन, रात्री कडाका असं सुरू झालं की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. त्याला पिंक बेरी म्हणतात आणि त्याला भाव नाही. म्हणून बाया वेलींखालून वाकून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हजारो घड अग्रलेखात लपेटून बसलेले. घरच्या केळवणाला मामांकडे गेले होते तेव्हा हे बघून म्हटलं, ‘मामा, त्या दिवशी मलाही असंच गुंडाळा.’ मामा घड न्याहाळत म्हणाले, ‘तू एक्स्पोर्टची नाहीस.’

सासर ठाण्याचं. ठाण्याच्या माणसाला थंडी ही गोष्ट इतकी दुर्मीळ की तिचं त्याला अप्रूपही आहे आणि धसकाही. होणाऱ्या सासूबाईंचा पहिला फोन आला, ‘हॉल एसी आहे ना गं?’

‘काकू, इथे डिसेंबरात पंखासुद्धा लावत नाहीत.’

‘तरी असलेला बरा.’

दुसरा फोन आठवड्यानं. कोणीतरी त्यांना नाशिकचं तापमान दाखवलं होतं. आता त्यांचा प्रश्न होता, प्रत्येक खोलीत रजया किती. वऱ्हाडात माकडटोप्यांची सामुदायिक खरेदी झाल्याचं नवऱ्यानं कळवलंय. फक्त त्याचे आजोबा ठाम आहेत. २२ जानेवारी १९६२ ला मुंबईत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, तो मुंबईचा विक्रम आहे आणि त्या पहाटे आजोबा लोकलच्या दारात उभे होते. ‘आम्हाला थंडी शिकवू नका,’ असा त्यांचा निरोप आहे. मी आजोबांचा मान राखून दोन रजया त्यांच्या खोलीत जास्तीच्या ठेवल्यात.

याच्या उलट आत्या. ती आली की विमानतळावर अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात उतरते आणि म्हणते, ‘ह्याला तुम्ही थंडी म्हणता?’ रात्री मात्र ती दोन गोधड्या आणि एक रग घेऊन बसते, कारण तिच्याकडे बाहेर बर्फ असला तरी घर गरम असतं आणि आपल्याकडे घर म्हणजे गारठा साठवायची जागा. आपण डिसेंबरात ऊब घ्यायला अंगणात जातो.

आता माझ्याकडे येते. मेंदीचं आधी. मेंदी जितकी रंगेल तितकं नवऱ्याचं प्रेम, ही समजूत सर्वांना पाठ आहे. खरं असं आहे की मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं आणि हवेशी संयोग होऊन एक-दोन दिवसांत केशरीवरून तांबूस, मग काळपट होत जातं. हात गरम असेल तर रंग चांगला चढतो. गार असेल तर फिका. म्हणजे वैशाखातल्या सगळ्या नवऱ्यांचं प्रेम गडद आणि मार्गशीर्षातल्या बिचाऱ्यांचं नारिंगी! हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा त्यानं प्रेमाचा पुरावा म्हणून दोन हीटरच्या लिंका पाठवल्या. मामींकडे याहून स्वस्त उपाय आहे. तव्यावर लवंगा टाकायच्या आणि वर येणाऱ्या धुरावर हात धरायचे, वरून लिंबू-साखरेचं पाणी, रात्री हाताला मोजे. मेंदीच्या रात्री मी तव्याशी हात शेकत बसणार आणि माझ्या मैत्रिणी नाचणार, असा कार्यक्रम आहे.

हळदीचं त्याहून नाजूक. नवऱ्याला लावलेली हळद उष्टी हळद म्हणून माझ्याकडे यायची. ठाण्याहून येणारी वाटी चार तास गाडीच्या डिकीत राहून किती गार होईल याचा विचार आधी कोणी केला नव्हता. हळद पाण्यात कालवायची की तेलात यावर बायकांच्या दोन बैठका झाल्या. आजी म्हणते तेलात, आणि आजीचं बरोबर आहे, कारण हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात उतरतो. कोकणातली काकू म्हणाली खोबरेल घ्या. पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि नाशिकच्या डिसेंबरात सकाळी बाटली उलटी धरून तुम्ही ती गदेसारखी फिरवू शकता. शेवटी तिळाचं तेल ठरलं. हळद सांगलीची, ती चुलत बहिणीनं मुद्दाम आणली. शिवाय मी एक ठराव मंजूर करून घेतला, की हळद भर दुपारी अंगणात, उन्हात. याला परंपरेचा विरोध निघाला नाही, फोटोवाल्याचा निघाला. त्याला दुपारचं ऊन ‘हार्श’ वाटतं. त्याला म्हटलं, दादा, आंब्याच्या पानानं गार हळद तुमच्या पाठीवर लावते, मग सांगा काय हार्श वाटतं ते.

पार्लरवाल्या ताई गोड आहेत. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘स्किन खूप ड्राय आहे’ असं अशा आवाजात सांगितलं की मला वाटलं आता घरच्यांना आत बोलावतील. सहा बैठकींचं पॅकेज निघालं. घरी आल्यावर आजीनं डब्यातून कोकमतेलाचा पिवळट गोळा काढला, पळीत वितळवून टाचांच्या भेगांत भरला आणि वर जुने मोजे चढवले. चेहऱ्याला साय, दिवाळीतलं उरलेलं उटणं. टाचांचं श्रेय आजीचं आणि चेहऱ्याचं पार्लरचं, असा घरात तह झाला आहे. पॅकेजचे पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे तो टिकेल.

केळवणांबद्दल कमीच बोलते. हिवाळ्यात मटार स्वस्त होतो, एवढं सांगितलं तरी पुरे. मटार करंजी, मटार उसळ, मटार पुलाव, एका घरी मटारची खीरही. वर गाजरहलवा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायकांचे महालक्ष्मीचे उपास, म्हणून त्या दिवशी साबुदाणा. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, वर लोण्याचा गोळा, आणि हे केळवण मात्र मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी शेवटच्या मापाला टेप दोनदा फिरवून पाहिली आणि विचारलं, ‘आणखी किती घरं राहिलीत?’

ब्लाऊजवरून आठवलं. पैठणी येवल्याची, आमच्याच जिल्ह्यातली. श्रावणातच सांगून ठेवली होती. हातमागावर नारळी काठ आणि पदरावर बांगडी मोर विणायला विणकराला किती वेळ लागेल ते पदराच्या भरगच्चपणावर, घाई करून उपयोग नसतो. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आहेच, पण मला तिचा खरा गुण यंदा कळला. रेशीम ऊबदार असतं. नऊवारी काष्टा नेसला तर पायांना दोन-तीन पदर मिळतात आणि कमरेखाली तरी नवरी सुखात. प्रश्न कमरेवरचा. हल्लीची चाल पाठ उघडी टाकायची, वर एक गोंड्याची नाडी. मी कोपरापर्यंत बाह्या आणि बंद गळा सांगितला तेव्हा शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘सासूबाईंचा आहे का?’ आजी मात्र खूश झाली. तिनं त्याच्या आतून घालायला एक पातळ थर्मल सुचवलं. ऐंशीच्या पुढची माझी आजी थर्मल हा शब्द बिनचूक म्हणते, कारण चारधामला तिनं तेच घातलं होतं. ते मी त्वचेच्या रंगाचं शोधतेय. वर शेला आहे म्हणतात सगळे. शेला! बोटभर रेशमाची झुळूक ती. शाल पांघरू का विचारलं तर फोटोवाले, मेकअपवाल्या आणि आई, ज्यांचं एरवी कशावर एकमत होत नाही, एका सुरात नाही म्हणाले.

मोगरा हा सगळ्यांत दुःखाचा विषय. आईच्या डोळ्यांसमोर मोगऱ्याचे गजरे आहेत आणि मोगरा फुलतो उन्हाळ्यात. गणेशवाडीच्या फूलबाजारात चौकशी केली. शेवंतीचे ढीग, झेंडू, निशिगंध, गुलाब, सगळं आहे. मोगरा दक्षिणेतून मागवायचा तर थंडीत तिकडेही कळ्या कमी येतात आणि मदुराईच्या मल्लीचा भाव याच दिवसांत किलोला हजारांत जातो. फूलवाल्यानं कुंदाच्या कळ्या दाखवल्या. पांढऱ्याशुभ्र, हिवाळ्यातच फुलणाऱ्या, वास मात्र अगदी मंद. आईनं गजरा नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाली, ‘वास नाही गं.’ मी म्हटलं, ‘आई, त्या दिवशी सगळ्यांची नाकं बंद असतील.’ कुंद ठरला.

आचाऱ्यांची बैठक सोपी गेली. थंडीतला मसालेभात, मटार-तोंडली घालून, वर खोबरं-कोथिंबीर, हा पदार्थ एकटाच हिवाळ्यातल्या लग्नाचं समर्थन करू शकतो. जिलबी गरम वाढायची. मठ्ठ्याच्या जागी टोमॅटोचं सार. तुपाबद्दल ते स्वतःच बोलले. वरणभातावर तूप वाढलं की पंगतीत ते लगेच पांढरं होऊन बसतं, म्हणून तुपाचं भांडं शेगडीवर ठेवूनच माणूस फिरवायचा. माझ्या मनातून तो माणूस बोहल्यापाशीही फिरावा असं होतं. सकाळच्या चहाचा आकडा सांगताना मी माणसांची संख्या तिप्पट केली. आचारी म्हणाले, ‘ताई, अनुभव दिसतो.’

नवऱ्याची दया येते म्हणाल तर येते. माझ्यावर निदान पैठणी आहे. त्याला होमाला सोवळं नेसून, उघड्या अंगावर नुसतं उपरणं घेऊन बसायचंय. त्यानं गुरुजींना फोन करून विचारलं, शर्ट काढायलाच हवा का? गुरुजी म्हणाले, होम सुरू झाला की गरम होईल. आणि हे अगदी खरं आहे. थंडीतल्या लग्नात सगळ्या विधींमध्ये खरा राजा होम. एरवी धूर डोळ्यांत जातो म्हणून माणसं खुर्च्या मागे ओढतात, यंदा पुढे ओढतील. लाह्या टाकताना भाऊ, नवरा, मी आणि गुरुजी, चौघंही जरा रेंगाळणार असं दिसतंय. सप्तपदीची सात पावलं मात्र गार फरशीवर अनवाणी टाकायची आहेत, पायात चांदीची जोडवी, जी पहाटेपासून गारठलेली असणार. ती मी भरभर टाकेन. यावरून कोणी नवरीला घाई झाली असं म्हणू नये.

तुम्हाला पत्रिका मिळेलच, पण काही गोष्टी पत्रिकेत छापता येत नाहीत म्हणून इथे सांगते. चहा सातपासून सुरू आहे. कार्यालयाच्या पूर्वेच्या दरवाजातून आठनंतर ऊन येतं, तिथल्या खुर्च्या लवकर भरतील, आणि त्यातली पहिली रांग मामांच्या गावच्या, रात्रभर जागलेल्या माणसांसाठी राखून ठेवली आहे, त्यांना उठवू नका. गुलाबपाणी रद्द केलं आहे. आहेर आणू नका. मुहूर्त नऊ वाजून बारा मिनिटांचा आहे. मंगलाष्टकं सुरू झाली की हात शालीतून बाहेर काढून अक्षता नीट टाका, नुसतं आतल्या आत ‘सावधान’ म्हणून भागवू नका, एवढीच विनंती.